सागाचं लाल लाकूड

भुंगेऱ्याच्या अळीनं पोखरलेली ती वाट जेमतेम तुरीच्या काडीएवढी रुंद होती. दारव्ह्यातल्या एका जुन्या घराची ओसरी उतरवणं चाललं होतं आणि सुतारानं एक सागवानी खांब आडवा घालून मधोमध कापला होता. कडेचं लाकूड पांढुरकं, आतलं लालसर तपकिरी. पांढऱ्या भागाची चाळण झाली होती. बोट लावलं की पिठासारखा भुसा सांडत होता. त्यातली एक वाट वळणं घेत आत निघाली होती आणि लाल लाकूड सुरू होतं तिथं येऊन थांबली होती. तिथून ती कडेकडेनं गेली, पुन्हा एकदा आत वळली आणि पुन्हा अडली.

"किडा पांढरंच खाते भाऊ, लालाले तोंड नाही लावत," सुतार म्हणाला आणि पुढच्या खांबाकडे वळला. त्याच्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं. त्याच्या बापानं आणि आज्यानंही पांढरं तासून टाकूनच चौकटी बनवल्या होत्या.

मी मात्र त्या रेषेपाशी बराच वेळ बसून राहिलो. घर शंभरएक वर्षांचं. झाड तोडलं त्याला तेवढीच वर्षं झालेली. तरीही झाडानं जिवंतपणी आखलेली सीमा किड्यानं अजून ओलांडली नव्हती. ही सीमा काय आहे, झाड ती कशी आखतं, हे कळायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली. त्याच वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं रान मोजलं गेलं, वाटलं गेलं आणि बरंचसं तोडलंही गेलं. या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

*

१८५३ च्या करारानं निजामानं आमचं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याच वर्षी मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पुढच्या चौदा वर्षांत मूर्तिजापूर, बडनेरा मागे टाकत रूळ नागपूरपर्यंत पोहोचले. हे रूळ ज्यावर टेकतात ते लाकडी स्लीपर जमिनीत अर्धे गाडलेले असतात. पावसाळ्यात ओले, उन्हाळ्यात तापलेले, खालून उधई आणि आतून बुरशी. साधं लाकूड अशा जागी काही वर्षांत भुसभुशीत होतं. मसाला न लावता टिकतील अशी लाकडं हिंदुस्थानात भरवशाची तीनच निघाली: हिमालयातला देवदार, मध्य आणि उत्तर भारतातला साल, आणि आपला साग. रेल्वेच्या इंजिनिअरांना हवं होतं टिकाऊ लाकूड, पण त्यांनी नकळत विचारलेला प्रश्न जीवशास्त्राचा होता: कोणतं झाड मेल्यावरही स्वतःचं रक्षण करू शकतं?

१८६४ साली हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख म्हणून डिट्रिख ब्रँडिस यांची नेमणूक झाली. बॉन विद्यापीठातला हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आधी ब्रह्मदेशात पेगूच्या सागाच्या रानांची व्यवस्था पाहत होता. म्हणजे वनखात्याच्या जन्माशीच साग उभा आहे. १८६५ आणि १८७८ ला वनकायदे झाले. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं असल्यानं इथं वेगळा कायदा लागला. १८८६ च्या त्या कायद्यानं वऱ्हाडातल्या रानांचे तीन वर्ग पाडले. पहिला इमारती लाकूड आणि सरपण यांसाठी, दुसरा गवताच्या रमण्यांचा आणि तिसरा गुरचराईचा. दारव्हा तेव्हा वणी जिल्ह्यातला तालुका होता. १९०५ मध्ये जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. कोलाम, गोंड, आंध, बंजारा यांच्या रोजच्या वावरातलं रान या तीन वर्गांत बसवलं गेलं आणि पहिल्या वर्गाच्या मध्यभागी साग होता, कारण त्याचं लाल लाकूड सडत नव्हतं.

ते का सडत नाही हे मात्र त्या वेळी कोणालाच सांगता आलं नसतं. सडणं म्हणजे काय हेच युरोपातही नुकतं कुठे उमगत होतं. लाकूड आधी आपोआप कुजतं आणि मग त्यावर बुरशी उगवते, असा जुना समज होता. रोबेर्ट हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञानं १८७४ मध्ये तो उलटा केला. खोडावर बाहेर दिसणारी छत्री आणि आत लाकडात पसरलेले सूक्ष्म तंतू एकाच बुरशीचे आहेत आणि ते तंतूच लाकूड खात जातात, हे त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. १८८२ साली वृक्षरोगांवरचा त्याचा ग्रंथ आला आणि या अभ्यासाची शाखाच उभी राहिली. कुजणं ही कोणीतरी चालवलेली मेजवानी आहे, हे एकदा कळल्यावर दुसरा प्रश्न आपोआप पुढे आला. मग काही झाडांच्या बाबतीत ही मेजवानी का अडते?

उत्तर माहीत नसलं तरी अनुभव जुना होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर मान करून पाहा. दगडी छताला सागवानी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि त्या दोन हजार वर्षं सह्याद्रीचा पाऊस-वारा सोसून तिथंच आहेत. भाज्याच्या लेण्यातल्या लाकडी तुळईवर तर ब्राह्मी अक्षरं कोरलेली सापडली. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबानं सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'त्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतं आहे. त्याच काळातल्या ओकच्या कितीतरी जहाजांना बुरशीनं खाल्लं.

*

सागाचं बाहेरचं रूप पाहिलं तर हे झाड स्वतःचं रक्षण करतं असं कोणाला वाटणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दारव्ह्याहून यवतमाळकडे किंवा दिग्रसकडे जाताना रस्त्याकडेचे साग कधी कधी ओकेबोके दिसतात. नुकतीच आलेली हिरवी, खरबरीत, सुपाएवढी पानं आठवडाभरात नाहीशी होतात. उरतात त्या नुसत्या जाड शिरा. काळपट अळ्या रेशमाच्या धाग्यानं लोंबकळत खाली येतात, वाटसरूंच्या डोक्या-खांद्यांवर पडतात. पावसाळा सरत आला की दुसरी अळी येते. ती शिरा ठेवते, मधलं मांसल तेवढं खाते, आणि पान तपकिरी जाळीसारखं होतं. उन्हाकडे धरलं तर पलीकडचं आभाळ दिसतं.

या दोन अळ्यांवर १९०४ साली आर. एस. होल या वनाधिकाऱ्याचा लेख मुंबईच्या नैसर्गिक इतिहास मंडळाच्या नियतकालिकात छापून आला. सागाच्या दोन कुप्रसिद्ध किडी, असं त्याचं शीर्षक होतं. पहिली हिब्लिया, पानं फस्त करणारी. दुसरी पानाचा सांगाडा ठेवणारी. सरकारला काळजी लाकडाची होती आणि पानं गेली की लाकूड वाढत नाही, हे कोणालाही दिसत होतं. किती वाढत नाही, याचं मोजमाप पुढे केरळात निलंबूरला झालं. तिथल्या तरुण लागवडीत के. एस. एस. नायर आणि सहकाऱ्यांनी काही झाडं अळीपासून वाचवली, काही तशीच ठेवली. न वाचवलेल्या झाडांची वाढ सुमारे ४४ टक्क्यांनी कमी भरली.

पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. झाडं मेली नाहीत. वर्षामागून वर्ष पानं गेली तरी उभी राहिली. साग पानाच्या बाबतीत उदार आहे. उन्हाळ्यात तो सगळी पानं स्वतःच टाकतो. खोडात आणि मुळांत साठवलेल्या पिठुळ साठ्यावर पहिल्या पावसाबरोबर नवी पालवी काढतो. अळीनं ती खाल्ली तर उरलेल्या साठ्यातून आणखी एक पालवी येते. पान गमावता येतं, खोड गमावता येत नाही, असा हिशेब त्याच्या अंगात मुरलेला आहे. अळीचा सुळसुळाटही आपोआप ओसरतो. तिच्या मागावर पक्षी असतात, परोपजीवी माश्या असतात, आणि निलंबूरलाच सापडलेला एक विषाणूही असतो, जो अळ्यांच्या झुंडीच्या झुंडी लोळवतो.

लहानपणी सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून हात लाल करण्याचा खेळ यवतमाळकडच्या प्रत्येकानं खेळलेला असतो. मेंदी नसली की मुली तेच करत. त्या लाल रंगात जी द्रव्यं आहेत, ती रसायनशास्त्रात क्विनोन नावाच्या कुळात मोडतात. सुतारानं दाखवलेल्या लाल लाकडाचं रहस्यही त्याच कुळात निघालं. पण तिथवर पोहोचायच्या आधी वाटेत एक मोठं संकट आलं आणि ते आमच्याच प्रांतात आलं.

*

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं. राजधानी नागपूर. दारव्ह्याचे साग आणि नर्मदेच्या उगमाकडच्या मंडल्यातले साल आता एकाच वनखात्याच्या दप्तरात आले. यवतमाळात सालाचं रान नाही आणि मंडल्याचं वैभव सालाचंच. दोन्ही टिकाऊ झाडं, दोन्ही स्लीपरला लागणारी, पण त्यांची लढण्याची पद्धत अगदी वेगळी.

साल राळेनं लढतो. देवळात धुपाबरोबर जळते ती राळ याच झाडाची. खोडाला जखम झाली, किड्यानं भोक पाडलं, की आतल्या नलिकांमधून चिकट राळ दाबानं बाहेर येते. भोकात शिरलेली कोवळी अळी त्या राळेत गुदमरते, गोठते. निरोगी झाडाच्या सालीवर राळेचे थेंब लोंबत असतात. प्रत्येक थेंबामागे एक हल्ला परतवलेला असतो.

त्याचा शत्रू एक लांब मिशांचा भुंगेरा. नाव होप्लोसेरॅम्बिक्स. बोटाएवढा लांब होणारा, तपकिरी. पहिल्या पावसानंतर तो खोडातून बाहेर पडतो. मादी सालीच्या चिरांमध्ये शंभरावर अंडी घालते. अळ्या आधी सालीखालच्या गोडसर थरावर वाढतात, मग लाकडात आणि थेट गाभ्यात शिरतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथंच राहतात. साधारण वर्षी हा भुंगेरा म्हातारी, वाऱ्यानं पडलेली, वाळत चाललेली झाडं धरतो. रानाची सफाईच करतो म्हणा ना. निरोगी झाडाच्या राळेपुढे त्याचं चालत नाही.

पण राळ तयार करायला झाडाला साठा खर्चावा लागतो आणि साठ्याला मर्यादा असते. एका झाडावर दहा अळ्या आल्या तर झाड जिंकतं. शेकडो आल्या की राळ पुरत नाही. १९२३ ते १९२८ या वर्षांत मंडल्याच्या सालवनात हेच झालं. भुंगेऱ्यांची संख्या एका पातळीपलीकडे गेली आणि त्यांनी धडधाकट झाडं धरायला सुरुवात केली. बुंध्याशी भुशाचे ढीग साचू लागले, शेंडे पिवळे पडले, राळ वाहून वाहून थांबली. त्या साथीत सुमारे ७० लाख सालवृक्ष सापडले, अशी नोंद आहे. आपल्या माणसांच्या साथींची वर्णनं आपण वाचलेली असतात. १९१८ चा फ्लू नुकताच होऊन गेला होता. झाडांची साथ डोळ्यांसमोर आणणं कठीण जातं, कारण ती ओरडत नाहीत आणि मेल्यावरही उभीच राहतात.

या साथीनं देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेला, म्हणजे १९०६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला, कामाला लावलं. तिथले वनकीटकतज्ज्ञ सी. एफ. सी. बीसन यांनी पुढे १९४१ साली हिंदुस्थान आणि शेजारच्या देशांतल्या वनकीटकांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. या भुंगेऱ्यावरचा जो उपाय रूढ झाला, तो झाडाच्याच एका कमजोरीवर आधारलेला आहे. ताज्या तुटलेल्या सालाच्या रसाचा वास भुंगेऱ्यांना दुरून ओढून आणतो. म्हणून पावसाळ्यात मोजकी झाडं पाडून त्यांचे ओंडके करायचे, टोकं ठेचून रस काढायचा आणि रानारानांत मांडून ठेवायचे. रस पिऊन सुस्तावलेले भुंगेरे गोंड-बैगा माणसं सकाळी वेचतात. मुंडक्यांच्या मोजणीवर मजुरी मिळते. १९९० च्या दशकात मंडला-दिंडोरीकडे पुन्हा अशीच साथ आली, तीसएक लाख झाडं धरली गेली, तेव्हाही हाच उपाय कामी आला.

साथ का उसळते, याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. दाट, एकाच वयाचं, एकाच जातीचं रान, पाडून न उचललेली लाकडं, ओले पावसाळे, अशी कारणं एकत्र येतात. जगात इतरत्रही हेच दिसलं आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकाअखेरीपासून पाइनच्या भुंगेऱ्यांनी अफाट रानं वाळवली. पाइनही राळेनं लढतो. तिथं कडाक्याची थंडी अळ्यांना मारत असे, ती थंडी सौम्य झाली आणि तोल गेला.

हॉलंडच्या एल्म वृक्षांची कथा याहून चटका लावणारी आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथले एल्म पटापट वाळू लागले. युद्धातल्या विषारी वायूचा हा परिणाम असावा असंही लोक म्हणत. योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेतल्या बेआ श्वार्त्स या तरुण संशोधिकेनं कारण शोधून काढलं. ती एक बुरशी होती, आणि सालीखाली राहणारे छोटे भुंगेरे तिला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेत होते. बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरली की एल्म त्या नळ्या आतून बुजवून टाकतो, म्हणजे शत्रू पुढे जाऊ नये. पण बुजवता बुजवता तो इतक्या नळ्या बुजवतो की पाणीच शेंड्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला मारतो तो बुरशीइतकाच त्याचा स्वतःचा बचाव.

*

आता सागाच्या गाभ्याकडे येतो, कारण माझं मन त्या रेषेतच अडकलं आहे.

सागाचं रोप पहिली काही वर्षं आतबाहेर पांढरंच असतं. ते सगळं लाकूड पाणी वाहतं, पीठ साठवतं आणि त्या पिठासाठीच भुंगेऱ्यांना हवंहवंसं असतं. खोड जाडावलं की आतल्या वलयांची गरज संपते. मग तिथल्या जिवंत पेशी एक शेवटचं काम करतात. उरलेलं पीठ मोडून त्यापासून कडू, विषारी, रंगीत द्रव्यं तयार करतात, ती आजूबाजूच्या भिंतींत मुरवतात, पाण्याच्या नळ्या फुग्यांसारख्या पडद्यांनी बंद करतात आणि मरतात. पांढरं लाल होतं ते इथं. शत्रू अजून आलेलाही नसतो. शंभर वर्षांनी दारव्ह्यातल्या ओसरीत एक अळी येईल म्हणून झाडानं ही तजवीज केलेली नसते, पण तिला अडवते तीच.

१९३२ साली काफुकु आणि सेबे या जपानी रसायनतज्ज्ञांनी सागाच्या लाकडातून एक पिवळसर द्रव्य वेगळं केलं. त्याला सागाच्या शास्त्रीय नावावरून टेक्टोक्विनोन म्हणतात. १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रडमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, ज्या सागात हे द्रव्य जास्त तो वाळवीपुढे जास्त टिकतो. बुरशी मात्र तेवढ्यानं अडत नाही, तिच्याविरुद्ध इतर द्रव्यांचीही साथ लागते. शिवाय सागाच्या गाभ्यात रबरासारखा एक अंश असतो. त्यामुळे लाकूड पाणी धरत नाही आणि ओलावा नसला की बुरशीचे तंतू वाढत नाहीत. रंधा मारलेल्या सागावर हात फिरवला की लागतो तो तेलकट गुळगुळीतपणा हाच.

१९३३ साली देहरादूनलाच सोंती कामेसम या भारतीय संशोधकानं तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचा एक मसाला शोधून काढला. तो दाबानं मऊ लाकडात भरला की ते लाकूडही वाळवी-बुरशीला दाद देत नाही. 'आस्कू' नावानं तो जगभर गेला आणि विजेचे खांब, कुंपणं त्यानं टिकवली. आर्सेनिकच्या धोक्यामुळे पुढे बऱ्याच देशांत घरगुती वापर थांबला. साग हेच काम आपल्या अंगातल्या पिठापासून करतो, कोणाच्या विहिरीत विष न उतरवता.

जिवंत झाड जखम झाल्यावर काय करतं, हे मात्र सर्वांत उशिरा समजलं, आणि ते समजावून देणारा माणूस करवत घेऊन फिरणारा होता. अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो १९५९ पासून झाडं उभी चिरून पाहू लागले. यांत्रिक करवत नुकती हाताशी आलेली. त्याआधी अभ्यासक खोडाचा आडवा काप पाहत, शायगोंनी हजारो खोडं लांबीत उघडली. १९७७ साली त्यांनी आपला सिद्धांत मांडला: झाड जखम भरून काढत नाही, ते जखम कोंडतं. आपल्या कातडीसारखी नवी पेशी जुन्या जागी येत नाही. जखमेच्या वरच्या-खालच्या नळ्या बुजवून एक भिंत, आतल्या वलयाची दुसरी, बाजूच्या किरणपेशींची तिसरी, आणि जखमेनंतर वाढणाऱ्या नव्या लाकडाच्या अलीकडे एक चौथी. पहिली सर्वांत कच्ची, म्हणून कुजणं खोडात वरखाली लांबवर धावतं. चौथी सर्वांत पक्की. म्हणून पोकळ झालेलं चिंचेचं किंवा वडाचं झाड आतून गुहा असूनही बाहेरून दरवर्षी पालवतं. जखमेच्या दिवसानंतर वाढलेलं सगळं लाकूड त्या भिंतीच्या बाहेर सुरक्षित असतं.

हे वाचल्यापासून मी रस्त्याकडेच्या छाटलेल्या निंबांकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतो. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं एक फुगीर कडं असतं. झाडाची सर्वांत तयार भिंत त्याच कड्यात असते. फांदी खोडाला घासून सपाट कापली की ते कडंच जातं आणि कुजण्याला थेट खोडात वाट मिळते. कडं राखून कापलं की झाड स्वतः ती जागा बंद करतं. जखमेला डांबर किंवा रंग फासून कुजणं थांबत नाही, हेही शायगोंनी दाखवलं. गावाकडे बांधावरच्या बाभळी, निंब, आंबे छाटणाऱ्या प्रत्येकाला हे कोणीतरी एकदा दाखवायला हवं. त्याला विळा-कुऱ्हाडीपलीकडे काही खर्च नाही.

आपल्याकडचा डिंकही याच कोंडण्याच्या खटाटोपातून येतो. हिवाळ्यात दारव्ह्याच्या बाजारात लाडवांसाठी डिंक घेताना तो झाडाची मलमपट्टी आहे हे कोणाच्या मनात येत नाही. धावड्याच्या सालीला खाच पडली की तिथं डिंक पाझरतो, सुकतो आणि जखम हवेपासून, बुरशीपासून झाकतो. सालईचा डिंक सुगंधी असतो, कारण त्यात राळही मिसळलेली असते. रानातली माणसं खाच कुठे आणि किती खोल मारायची हे जाणत. एका जखमेला बंद व्हायला वेळ देऊन मगच दुसरी. भाव वाढला, घाई झाली, की खोल खाचा पडतात, वर्षावर्षाला सगळं खोड सोलून निघतं. कांडोळाची रानं अशानं अनेक ठिकाणी विरळ झाली. प्रत्येक थेंब झाडाच्या साठ्यातून येतो. मंडल्याच्या सालासारखीच त्यालाही मर्यादा आहे.

*

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत-वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशात गेला, १९५६ ला विदर्भ त्यातून निघाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मंडल्याचा साल तिकडे राहिला, यवतमाळचा साग इकडे. १९७४ ला महाराष्ट्राचं वनविकास महामंडळ स्थापन झालं, मुख्यालय नागपूर. मिश्र रान काढून सागाच्या सरळ रांगा लावण्याचं काम विदर्भात मोठ्या प्रमाणावर झालं. १९९० च्या दशकात खासगी कंपन्यांनीही सागाच्या रोपांवर लोकांचे पैसे गोळा केले, वीस वर्षांत लाखो रुपये देऊ म्हणून. कितीतरी मध्यमवर्गीय मराठी घरांतली बचत त्यात गेली.

ज्यांनी ते झाड पैशात मोजलं त्यांनी लाल लाकूड मोजलं नव्हतं. वीस वर्षांच्या सागात पांढऱ्याचा वाटा मोठा असतो. जे लाल झालेलं असतं तेही कोवळं असतं. आतली द्रव्यं कमी, वाळवीला आणि बुरशीला अडवायची ताकद कमी. खत-पाणी देऊन खोड लवकर जाड करता येतं. पण एखाद्या वलयातल्या पेशींनी आपलं काम संपवून रक्षणाची द्रव्यं मुरवत मरण्याची जी रीत आहे, तिला तिचा वेळ लागतो. नैसर्गिक रानातला शंभर वर्षांचा साग म्हणूनच वेगळा भरतो.

यवतमाळच्या कोरड्या, काळ्या दगडावरच्या रानात साग फार उंच होत नाही. वलयं बारीक, पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळात केसासारखी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८० च्या दशकात ठाण्याकडच्या सागाच्या वलयांतून जुन्या पावसाळ्यांचा माग काढायला सुरुवात केली होती. आमच्या त्या खांबातही कोणी मोजली तर वऱ्हाडातले चांगले-वाईट पावसाळे सापडतील. सुतारानं कापलेल्या तोंडावर मी करंगळीचं नख टेकवून मोजू लागलो, पण पांढऱ्यातली वलयं किड्यानं पुसून टाकलेली. लाल भागात मात्र ती अजून स्वच्छ होती. त्रेसष्टपर्यंत मी आलो, मग नजर चुकली.

सुतारानं वासल्यानं पांढरं तासून टाकलं. ढलप्या अंगणात एका कोपऱ्यात लोटल्या, त्या संध्याकाळी चुलीत गेल्या. खांबाचा उरलेला लाल भाग पूर्वीपेक्षा चार बोटं बारीक झाला होता. त्यानं तो खांद्यावर तोलून पाहिला, उलटा-पालटा केला आणि नव्या खोलीच्या दाराची चौकट करायला बाजूला ठेवला.